सांगलीत सॅक्सोफोन दुरुस्ती आणि विक्री: सुरुवात कुठून करावी?

कुपवाडचा_कारागीर

नमस्कार मंडळी. कुपवाडला हार्मोनियम आणि क्लॅरिनेट दुरुस्तीचं लहान दुकान आहे. तासगाव, जत, विटा, आणि पलीकडून अथणीच्या बँडपार्ट्या आता सॅक्सोफोनपण आणून ठेवायला लागल्यात. बहुतेक ऑल्टो (लहान), थोडे टेनर (मोठे, खालच्या सुराचे). काही मेरठचे, काही चिनी, एखाद-दुसरा जुना यामाहा. मिरजेत सतार-तंबोरा पाहिजे तसा जुळवून मिळतो, पण सॅक्स कुठं द्यायचा ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून हे काम नीट अंगावर घ्यावं म्हणतोय.

दीड लाखाच्या आत हत्यारं आणि माल दोन्ही बसवायचंय. आधी काय घ्यावं? पॅडचा (चावीखाली भोक झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या) अख्खा सेट आणावा की सुटे? नवीन पॅड घालूनही खालचे स्वर, लो सी, बी, बी फ्लॅट बोलतच नाहीत, ते का? जी शार्पची चावी चिकटते तिच्यावर कायमचा इलाज आहे का? आणि विक्रीला काय ठेवलं तर अंगावर पडणार नाही?

लाख_आणि_लाइट

खालच्या स्वरांचं आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

लो बी फ्लॅटला अंगावरचं एकूण एक भोक बंद लागतं. म्हणजे हवा वर कुठेही गळली तरी बोंब खालीच होते. गिऱ्हाईक म्हणतं "खालचं पॅड गेलंय", कारागीर खालची दोन-तीन मोठी पॅडं बदलतो, आणि गळती असते वर, तळहाताच्या चाव्यांत नाहीतर जी शार्पला. गळती नेमकी कुठं आहे ते कळल्याशिवाय एकही पॅड काढू नका.

सुरुवात नेकपासून, म्हणजे माउथपीस लावायच्या वरच्या वाकड्या नळीपासून. नेकचं जाड तोंड तळहातानं बंद करा, कॉर्कच्या बाजूनं हवा ओढा आणि जीभ लावून धरा. पोकळी दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. टिकत नसेल तर ऑक्टेव्हचं (स्वर वरच्या सप्तकात नेणाऱ्या चावीचं) बारीक पॅड किंवा झाळ सुटलेला सांधा बघा. मग नेक अंगात बसवून स्क्रू हलका आवळा. तरी डुगडुगत असेल तर नेकचं खालचं नळकांडं आतून फुगवावं लागतं. लोक स्क्रूच पिळत राहतात, मग नेक धरणाऱ्या कॉलरचे दोन्ही कान एकमेकांना टेकतात आणि पुढं आवळायला जागाच उरत नाही. फुगवायचं हत्यार कुपवाड एमआयडीसीत कुणीही लेथवाला करून देईल. ऑल्टो आणि टेनरचं माप वेगळं, दोन्ही नेक सोबत घेऊन जा.

आता लाइट. विकतच्या लीक लाइटची (गळती दाखवणाऱ्या दिव्याची) गरज नाही. १२ व्होल्टची बारीक एलईडी पट्टी, चाळीस-पन्नास सेंटिमीटर, पारदर्शक नळीत घाला, साधा अडॅप्टर जोडा आणि खोलीत अंधार करून नेकच्या भोकातून आत सोडा. चावी दाबताना मात्र वाजवणाऱ्याच्या बोटाइतकाच जोर द्या. अंगठ्यानं दाबून धरलं की प्रत्येक पॅड चांगलंच दिसतं. हीच चूक सर्रास होते. वाद्य टेबलावर पास होतं आणि मांडवात नापास. लाइटनंतर कागद: सिगारेटच्या कागदाची निमुळती पट्टी कापून पॅडच्या कडेला सहा-आठ ठिकाणी अडकवायची, चावी हलकी बंद करायची आणि पट्टी ओढायची. सगळीकडे ओढ सारखी लागली पाहिजे.

गळती सापडली की कारण बघा. चावी धरून रॉडच्या (चावी जिच्यावर फिरते त्या सळईच्या) दिशेनं मागेपुढे हलवा. हलत असेल तर पॅड दरवेळी वेगळ्या जागी पडतंय, अशा चावीवर नवीन पॅड म्हणजे पैसे पाण्यात. आधी चावीची नळी गुळगुळीत जबड्याच्या पकडीनं दाबून, फिरवत फिरवत लांबवा आणि ढिलाई घालवा. पॅड सांध्याकडे आधी टेकून पुढची कड उघडी राहत असेल तर पॅड जाड झालंय. पुढं टेकून मागं फट असेल तर पातळ आहे, किंवा मागं लाख (पॅड चिकटवायची चपडा लाख) कमी पडलीय. भोकाची कड वाकडी असेल तर आधी डेंट काढा. कड कानसीनं घासून सपाट करायचा मोह आवरा, पितळ परत येत नाही. कड बाहेर वळवलेली असेल तर कानस लावूच नका.

पॅड बसवायची रीत अशी. चावीची वाटी (पॅड जिच्यात बसतं ती) साफ करून जुनी लाख काढा. पॅडच्या पाठीवर वितळलेल्या लाखेचा सारखा थर द्या, नुसता मधोमध गोळा नको. पॅड वाटीत घाला आणि वाटी वरून गरम करा. ज्योत हलती ठेवा, एका जागी धरली की लॅकर काळं पडतं. लाख मऊ झाली की चावी भोकावर हलकी टेकवा. पॅड आणि भोक यांच्यामध्ये पोलादाची सपाट पातळ पट्टी सरकवून जिकडं कमी आहे तिकडं पॅड खाली ओढा. थंड करा, लाइट बघा, परत गरम करा. मोठ्या पॅडला चार-पाच फेऱ्या होतात, कंटाळायचं नाही.

रात्रभर चावीला पाचर मारून पॅडवर खोल खाच पाडायची पद्धत सोडून द्या. खाच खोल असली की पॅड दरवेळी त्याच खाचेत पडावं लागतं. चावी केसभर सरकली की गळती सुरू. सपाट बसलेल्या पॅडवर नुसती पुसट रेघ उमटली तरी पुरे.

शेवटी एफ शार्पची चावी. एफ, ई, डी यांपैकी काहीही दाबलं की ती बंद होते, आणि तिच्या दांडीवरचे दोन स्क्रू जी शार्प आणि बिस बी फ्लॅटला (बी फ्लॅटची छोटी जादा चावी) दाबून धरतात. एफ शार्पखाली एक कागद, जी शार्पखाली एक कागद, आणि एफ दाबा. दोन्ही कागद सारखे अडकले पाहिजेत. जी शार्पचा स्क्रू जास्त आत गेला तर एफ शार्प उघडी राहते. कमी असेल तर लो बी घेताना करंगळीच्या पाटीबरोबर जी शार्प उचलली जाते आणि स्वर फाटतो. नवीन पॅड घालूनही खाली बोलत नाही अशा तक्रारीत हे दोन स्क्रू पहिले तपासा. काही स्वस्त वाद्यांवर स्क्रूच नसतात, तिथं दांडीखालचा कॉर्क सँडपेपरनं घासून किंवा जाड बदलून तेच साधायचं.

पॅडचं म्हणाल तर सेट घेऊ नका. यामाहाचा सेट मेरठच्या वाद्याला नेमका चार-पाच ठिकाणी बसत नाही. हाय एफ शार्पची (सगळ्यात वरच्या स्वराची) चावी असलेल्या ऑल्टोला साधारण २५ पॅडं लागतात, आठ-नऊ मिलिमीटरपासून चाळीसच्या आसपास. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं सुटी घ्या. माप जुन्या पॅडचं नको, ते फुगलेलं असतं. वाटीच्या आतलं माप डिजिटल व्हर्निअरनं घ्यायचं. जाडी पण बघा, वाद्यागणिक फरक पडतो.

कऱ्हाडी_सूर

वरचं बहुतेक पटलं, पण लाखेचा एवढा आग्रह कशाला? बँडच्या वाद्याला हॉट ग्लू बरा. चपडा लाख ठिसूळ. वाद्य टेम्पोत आदळलं की वाटीतल्या वाटीत तडकते आणि पॅड खडखडतं. ग्लू थोडा लवचिक असतो, धक्का सोसतो. बारीक पॅडांना तर बिनधास्त वापरा.

बाकी एक. वाद्य उघडताना थर्मोकोलच्या तुकड्यावर सॅक्सचं ढोबळ चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक रॉड, प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. हाताने आटे पाडलेल्या वाद्यात एकाचा स्क्रू दुसऱ्याला लागत नाही. दोन वाद्यं एका ताटलीत उघडली की अर्धा दिवस गेलाच म्हणायचा.

लाख_आणि_लाइट

ग्लू धक्का सोसतो हे खरं. पण मोठ्या पॅडला तो तारा काढतो आणि परत गरम करून पॅड तरंगवताना, म्हणजे मऊ थरावर सरकवून सपाट बसवताना, लाखेसारखा सरकत नाही. लो बी, बी फ्लॅट, सी यांना लाखच. बाकीचं ज्याच्या त्याच्या हातावर. मे महिन्यात उन्हात बंद टेम्पोत पडून राहिलेल्या वाद्याची दोन्हींत खात्री नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. आणि कुपवाडकर, चपडा लाख लांबून मागवू नका, सतारीच्या पॉलिशला मिरजेत तीच लागते. नेकच्या कॉर्कला मात्र लाख नको, एसआर ९९८ सारखा कॉन्टॅक्ट गोंद वापरा. ऑल्टोला १.६ मिलिमीटरची शीट, एक कड सहा-सात मिलिमीटर तिरकी तासायची. गोंद दोन्हीकडे, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचा, मगच गुंडाळायचं. नंतर १२० आणि २४० नंबरच्या सँडपेपरनं घासत घासत माउथपीस पिळत अर्ध्यापर्यंत जाईल इतकं आणा.

तासगाव_ब्रास

बँडवाल्यांच्या बाजूनं लिहितो. कारागिरानं सराईचं गणित आधी समजून घ्यावं.

तुळशीच्या लग्नानंतर वाद्य एक दिवस पण मोकळं नसतं. सकाळी बिघडलं तर संध्याकाळच्या वरातीला पाहिजे. त्या दिवसांत अख्खं काम कुणी देणार नाही, दिलं तरी घेऊ नका. दोन तासांत काय होतं तेवढंच: तुटलेली स्प्रिंग, सुटलेलं पॅड, नेकचा कॉर्क, ऑक्टेव्हचं कडं. पूर्ण पॅडिंगची कामं आषाढापासून गणपतीपर्यंत काढा, त्या काळात लग्नं नसतात. म्हणजे पॅड, कॉर्क, स्प्रिंगा जेष्ठातच दुकानात पाहिजेत.

दुकानात एक चालू ऑल्टो बदलीला ठेवा. अनामत घ्यायची आणि द्यायचा. बँडवाला त्या एका गोष्टीसाठी अथणीहून पण तुमच्याकडंच येईल.

विक्रीत सगळ्यात जास्त फिरतं ते रीड. दहाचा डबा फोडून सुटं विकायला लागतं, दोन आणि अडीच नंबर. तीनचा माल थोडाच ठेवा, चार-चार तास चालत वाजवणाऱ्याचे ओठ तीनवर टिकत नाहीत. गळ्यातला पट्टा, लिगेचर (माउथपीसवर रीड आवळायची पट्टी), माउथपीसची टोपी, कॉर्कचं ग्रीस, आतून पुसायचा कपडा, हे पण खपतं. तोंडात घेतलेलं रीड परत घेणार नाही, अशी पाटी लावा, नाहीतर रोज वाद.

सूर पण सांगायला यायला पाहिजे बरं का. ऑर्केस्ट्रातला नवा पोरगा विचारतो की "काळी एकला कुठून धरू?" ऑल्टोचा सी म्हणजे हार्मोनियमची काळी दोन, टेनरचा सी म्हणजे काळी पाच. काळी एकचं गाणं ऑल्टोवाल्याला बी फ्लॅटवरनं आणि टेनरवाल्याला ई फ्लॅटवरनं धरावं लागतं. पांढरी चारला ऑल्टोचा डी, टेनरचा जी. हा तक्ता छापून भिंतीला लावा.

कुपवाडचा_कारागीर

लय उपयोगी पडलं. वरातीच्या दिवशी स्प्रिंग तुटली आणि हाताशी माल नसला तर? आणि जी शार्पचं राहिलंच की.

सूक्ष्म_पेचकस

स्प्रिंग तुटली तर त्या दिवसापुरतं रबरबँड लावा, चावी ज्या बाजूनं ओढायला पाहिजे त्या बाजूच्या खांबाला अडकवून. दिसायला वाईट, पण वाजतं. नंतर नीट करताना तुटलेला बुडखा ज्या बाजूनं आत ठोकला होता त्याच बाजूनं, उलट ढकलून बाहेर काढायचा. नवीन निळ्या पोलादाच्या सुईचं मागचं टोक ऐरणीवर हलकं चपटं करून खांबात दाबून बसवायचं. चपटं जास्त झालं तर खांबाला चीर जाते. स्प्रिंग लावा-काढायचं हत्यार म्हणजे क्रोशाची सुई: हुकाचा उपयोग ओढायला, आणि दुसऱ्या टोकाला कानसीनं खाच पाडली की ढकलायला.

जी शार्प आता. तिथं दोन चाव्या आणि दोन स्प्रिंगा असतात. पॅडच्या वाटीला असलेली स्प्रिंग नाजूक आणि तिला पॅड उघडायचं असतं. करंगळीच्या दांडीची स्प्रिंग दणकट, ती पॅड दाबून बंद ठेवते. करंगळी दाबली की दणकट स्प्रिंग बाजूला होते, एवढंच. उचलायचं काम त्या नाजूक स्प्रिंगचंच. म्हणून पॅड चिकटलं की करंगळी कितीही जोरात दाबा, काही फरक पडत नाही. वाद्य पेटीत असतानाही हे पॅड बंदच असतं, थुंकी आणि साखर तिथंच वाळते. चहा किंवा कोल्ड्रिंक पिऊन लगेच वाजवणाऱ्यांचं हे पॅड आधी चिकटतं.

इलाज: कागदाच्या पट्टीला लायटरचं पेट्रोल लावा, पॅडखाली ठेवून चावी हलकी दाबा आणि पट्टी ओढून काढा. कागद स्वच्छ निघेपर्यंत तेच. भोकाची कड पण पुसा, लोक नुसतं पॅड पुसतात. मग नाजूक स्प्रिंगला थोडा ताण वाढवा आणि त्या प्रमाणात दांडीच्या स्प्रिंगलाही, नाहीतर पॅड नीट बंद होणार नाही. टाल्कम पावडर अजिबात नको. दोन दिवस बरं वाटतं, मग पावडर आणि थुंकीचा चिकटा होतो. कायमचा इलाज नाही. वाजवून झाल्यावर त्या पॅडखाली कोरडा कागद दाबून पेटीत ठेवायची सवय गिऱ्हाइकाला लावा.

ऑक्टेव्ह तपासायची सोपी युक्ती: ऑक्टेव्ह न दाबता जीची चावी जोरात टपटपवा. नेकवरचं पॅड उडता कामा नये. उडत असेल तर नेकचं कडं वाकलंय, बहुतेक वेळा नेक लावताना त्यालाच धरून पिळल्यामुळं. कडं आणि खालून येणाऱ्या दांडीच्या मध्ये एखादा मिलिमीटर मोकळा पाहिजे. सरळ करताना पॅडखाली काहीतरी मऊ ठेवून हातानंच वाकवा, पकड नको.

तेलाचं पण एक. शिलाई मशीनचं तेल पातळ, रॉडमधून गळून पॅडच्या चामड्यात जातं. टोकाच्या स्क्रूला ठीक, लांब रॉडला थोडं घट्ट तेल वापरा. एका रॉडला एक थेंब, दोन नाही.

खातेवही

हत्याराचं सगळ्यांनी सांगितलं, कागदाचं मी सांगतो.

तुमच्यासारख्या लहान दुकानाला गुमास्ता कायद्याखाली (दुकान नोंदणी) नुसती सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीत नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांची मर्यादा आहे, पण तुमच्याकडे दुरुस्तीची सेवाही आहे, त्यामुळे २० लाख धरून चाला. अथणीचा माणूस कुपवाडला येऊन वाद्य घेऊन गेला तर वेगळं, पण तुम्ही कर्नाटकात माल पार्सलनं पाठवून विकायला लागलात तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. जीएसटीच्या मालाच्या कोडांत (एचएसएन) फुंकवाद्यं ९२०५ मध्ये, सुटे भाग ९२०९ मध्ये. चालू दर सीएकडून लिहून घ्या.

जॉब कार्डशिवाय वाद्य आत घेऊ नका. त्यावर लिहा: अनुक्रमांक, नेक, लिगेचर, टोपी, पट्टा, पेटी, आणि असलेल्या डेंटचे फोटो. माउथपीस आत घेऊच नका, तो गिऱ्हाइकाकडंच राहू दे. भांडण बहुधा तिथंच होतं.

दर तासावर लावा. समजा तासाला ३०० धरले आणि पूर्ण पॅडिंगला तुम्हाला सुरुवातीला १४ तास लागतात, तर मजुरी ४२०० होते, माल वेगळा. एवढी गिऱ्हाईक देणार नाही. ते १४ तास हात बसल्यावर आठवर येतील, म्हणून आठच तासांचे लावा. पण मालाचे पैसे आगाऊ घ्या. बँडचं वाद्य काम झाल्यावर दुकानात चार-चार महिने पडून राहतं.

कऱ्हाडी_सूर

विक्रीबद्दल. नवीन वाद्यं दोनच ठेवा, एक ऑल्टो, एक टेनर. भर जुन्यावर द्या, तुमची खरी कमाई त्यात आहे, कारण दुरुस्ती तुमच्या हातची. पण घेताना पारख पाहिजे.

नेकच्या वळणाच्या खाली बोट फिरवा. सुरकुती लागली किंवा वळण अंडाकृती वाटलं तर नेक खाली दबलेली आहे. लांब रॉडच्या रेषेत डोळा लावून अंग सरळ आहे का बघा. वाद्य घंटेवर पडलं की घंटेला अंगाशी जोडणारा कंस आत घुसतो, अंग वाकतं आणि मधल्या चाव्या अडकतात. घंटेवरच्या डेंटनं आवाजाला फारसा फरक पडत नाही, नेकवरच्या डेंटनं पडतो. नेकच्या आत गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर पितळातलं जस्त निघून चाललंय, तो पत्रा कधीतरी भोक पाडणार. तुटलेल्या चावीला शिशाची झाळ लावलेली असेल तर परत तुटेल, तिला चांदीची झाळ पाहिजे, आणि ते काम सराफ कट्ट्यावर चांगलं होतं. पॅड आणि स्प्रिंग काढून द्या मात्र, नाहीतर सोनार सगळंच भाजून देईल.

जुन्या परदेशी वाद्यावर अनुक्रमांकाजवळ इंग्रजी एच पी (हाय पिच) अशी अक्षरं असतील तर स्वस्तात मिळालं तरी सोडा. ते जुन्या उंच सुराचं वाद्य, हार्मोनियम-कीबोर्डशी जुळत नाही. माउथपीस कितीही बाहेर ओढला तरी काही स्वर खाली येतात, काही वरच राहतात. एल पी (लो पिच) असेल तर चालेल.

लाख_आणि_लाइट

राहिलेलं एक, सांगलीला लागू म्हणून. कृष्णेच्या पाण्यात बुडालेली वाद्यं २०१९ नंतर भागात बरीच फिरतात, वरून बफ मारून चकचकीत केलेली. चावीच्या नळीत गाळ असतो आणि रॉड गंजून आत चिकटलेले असतात. असं वाद्य आलं तर पेचकसाचा जोर लावू नका, स्क्रूचं डोकं उडतं आणि मग ड्रिल करत बसावं लागतं. दोन्ही टोकांना गंज सोडवायचं तेल सोडा, दोन-तीन दिवस ठेवा, रोज चावीच्या नळीला बाहेरून किंचित ऊब द्या आणि पेचकसाच्या मुठीवर हलकं ठोका. आधी किंचित आवळायच्या दिशेनं फिरवून बघा, मग उलट. पॅड आणि स्प्रिंगा सगळ्या नव्या धरूनच भाव सांगा. आणि तुमचा स्वतःचा पॅडचा माल खालच्या फळीवर नको, माळ्यावर ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून.